कपाळाचं नाक

नाक करून घ्यायला आलेलं माणूस दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन दोन-तीनदा तरी परत जातं. मी व्हरांड्यातून बघत असे. पदराने नाहीतर पंच्याने अर्धं तोंड झाकलेलं असायचं. समोरच्या कडुलिंबाखाली उभं राहायचं, फाटकाला हात लावायचा आणि आतून कुणी बघितलं की पाठ फिरवून चालू लागायचं. पोटदुखीचा माणूस असा परत गेलेला मला आठवत नाही. तो धावत येतो, ओरडत येतो. नाकवाला मात्र चोरासारखा येतो, आणि खरं सांगायचं तर त्याने भ्यावं असंच ते काम होतं. आम्हीही भीत होतो.

जालन्यात कुंडलिकेच्या काठाला आमच्या डॉक्टरांचा बारा खाटांचा दवाखाना होता. राज्य निजामाचं. डॉक्टर पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर बसऱ्याला गेले होते आणि गोळ्यांनी उडालेली नाकं, जबडे शिवायला तिथे शिकून आले होते. मी आष्टीची. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाले, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. माझे वडील शाळामास्तर. गावाच्या बोलण्याकडे कानाडोळा करून त्यांनी मला परतूरला आगगाडीत बसवलं आणि एका ओळखीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडे पाठवून दिलं. पुढे सव्वीस वर्षं मी तिथे जखमा धुतल्या आणि क्लोरोफॉर्म दिला. लोक मला नरसबाई म्हणत.

हल्ली ओळखीतली एखादी कॉलेजातली पोरगी नाक सरळ करून घ्यायचं म्हणते, तेव्हा घरचे तिला माझ्याकडे पिटाळतात. आजींना विचार, काय काय होतं ते. आजीने ऐकवलं की पोरगी आपोआप गप्प बसेल, असा त्यांचा डाव. आता सगळं फार सोपं झालंय म्हणतात, असेल. मला माहीत आहे ते आमच्या वेळचं.

नाक म्हणजे मुख्यतः कातड्याचं काम. ते कातडं आणायचं कुठून, तर कपाळावरून. ही युक्ती आपल्याच देशातली, फार जुनी. डॉक्टर म्हणायचे, "साहेबाने ती आपल्याकडून उचलली आणि मला ती परत साहेबाकडून शिकावी लागली, काय म्हणावं!" आधी जाड कागदाचं नाक कापायचं, ते कपाळावर उलटं ठेवून भोवती शाईची रेघ मारायची. त्या रेघेवरून कातडं सोलायचं, पण दोन भुवयांच्या मध्ये बोटभर रुंद देठ तसाच राखायचा, कारण त्या देठातूनच नव्या नाकाला रक्त मिळतं. मग ते कातडं देठावर पिळून खाली वळवायचं, नाकाच्या जागी शिवायचं, नाकपुड्यांत रबरी नळीचे दोन तुकडे घालायचे. असं तीन आठवडे. नाक खालच्या मांसाला धरलं की देठ कापायचा. तोवर तोंडाने श्वास, पातळ पेज, उताणं झोपणं. त्या दिवसांत नव्या नाकावर माशी बसली तर माणूस कपाळ झटकतो, इतकं त्या कातड्याला आपलं जुनं घर आठवत असतं. दिवाळी ते शिवरात्र एवढ्याच दिवसांत डॉक्टर हे काम करत. पुढे उन्हाळा आणि माशा.

ते प्रत्येकाला आधी बसवून सांगत, "तुझं नाक परत मिळणार नाही. नाकासारखं काहीतरी मिळेल. वर्षभर ते बटाट्यासारखं दिसेल आणि कपाळावरचा डाग जन्मभर राहील. कबूल असेल तर थांब, नाहीतर आजच जा." निम्मे जात.

एक जमादार मात्र राहिला. सहा फूट उंच, मिशा पिळलेल्या, आणि नाकाचा शेंडा घोड्याने चावून तोडलेला. "डाक्टर साब, मेरे कू नाक ऊंची होना. वालिद की थी वैसी," असं म्हणून त्याने हवेत तलवारीसारखं बोट फिरवलं. डॉक्टर म्हणाले, "वडिलांचं राहू दे, घोड्याने ठेवलंय त्यापेक्षा बरं करतो." त्याला क्लोरोफॉर्म द्यायचं काम माझं. तोंडावर जाळीची टोपी, टोपीवर कापड, कापडावर थेंब थेंब औषध सोडायचं. एका हाताने हनुवटी वर उचलून धरायची, दुसऱ्या हाताचं बोट कानाजवळच्या नाडीवर. थेंब कमी पडला तर माणूस सुरीखाली उठून बसतो, जास्त पडला तर उठतच नाही. एवढा दांडगा गडी, मध्येच त्याचा श्वास थांबला, ओठ निळे पडले. डॉक्टरांनी सुरी टाकली, जीभ चिमट्याने ओढून धरली, छाती दाबली. तो पुन्हा श्वास घ्यायला लागला तेव्हा कुठे मी परत नाडीवर बोट ठेवलं. वर्षाने तो सीताफळांची पाटी घेऊन आला. नाक तलवारीचं नव्हतं, पण नाकासारखं होतं. मला आजही त्या नाकाचा अभिमान वाटतो.

आता सुभद्राचं सांगते. हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

सुभद्रा पिंपळगाव रेणुकाईकडची, वीस-एकवीस वर्षांची. तिला तिची आई कोंडाबाई बैलगाडीतून घेऊन आली. फडकं सोडलं तर नाकाच्या जागी दोन भोकं. जखम दोन महिन्यांची, भरलेली, कडा सरळ. "इळ्यावर पडली," कोंडाबाई म्हणाली. पोरगी खाली बघत "हां, इळ्यावर" एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी त्या सरळ कडांवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "लिहा, विळ्यावर पडून." मी लिहिलं.

कोंडाबाईने बाहेर येऊन मला सासरचा निरोप सांगितला. जावई, शेषराव नावाचा, चांगल्या जमिनीवाला. त्याचं म्हणणं, बायकोला नाक झालं तर नांदवायला नेऊ, नाही झालं तर दुसरी करू. "बाई, रेणुकाईला साडी बोलले मी. नाक झालं पाह्यजे. न्हाई तर माझ्या पोरीला जल्माचं माह्याच दारात बसावं लागंल."

ऑपरेशनच्या सकाळी मी जाळी तिच्या तोंडावर ठेवली आणि आकडे म्हणायला सांगितलं. सात-आठपर्यंत म्हटले. मग औषध चढायला लागलं की माणूस बडबडतं तशी ती बोलू लागली. आवाज लहान पोरीसारखा. "उघडते ना, दार उघडते... आईची आन, कुनी आल्तं न्हाई... मामंजी, तुम्ही तरी माहे हात सोडा... मामंजी, धरू नका..." मग नुसतं हुंदके देत राहिली आणि शांत झाली.

नवऱ्याने कापलं होतं आणि सासऱ्याने हात धरले होते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. त्यांनी सुरीसाठी हात पुढे केला. आमच्यासारख्या दवाखान्याने पाटलाशी, पोलिसातल्या अमिनाशी वैर घ्यायचं नसतं, हे त्या काळात कुणी शिकवावं लागत नसे.

ऑपरेशन नामी झालं. कपाळावर भुवयांच्या जरा वर तिला गोंदणाचा ठिपका होता. एकदा आष्टीकडच्याच एका म्हातारीचं गोंदण फिरून नाकाच्या शेंड्यावर आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी या खेपेला कागद तिरपा धरला आणि ठिपका देठात राखला. दहा दिवस नाक गुलाबी, ऊबदार. सुभद्रा मात्र कधी विचारायची नाही की कसं आहे. बाकीचे रोगी आरशासाठी जीव खातात. आम्ही आरसा देत नसू, ते पितळी तांब्यात बघायचे. हिने तांब्यातही बघितलं नाही. मला वाटलं, सोशिक आहे.

अकराव्या दिवशी संक्रांत आली. कोंडाबाई सकाळीच तिळगूळ आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. मी स्पिरिटच्या स्टोव्हवर चिमटे उकळत होते.

"नरसबाई, आज सन हाये. पोरीचं कपाळ अकरा दिवस झाले मोकळं हाये. एवढं एक बोट लावू द्या."

"कुठे लावणार, मावशी? वर कच्ची जखम आहे, मध्ये देठ आहे. डॉक्टरांनी बजावलंय, कपाळाला वारासुद्धा लागता कामा नये."

"देठावर लावते. हलकंच. सवाशीन हाये माही पोर, बाई. सनाच्या दिवशी मोकळं कपाळ म्हंजी..." एवढं बोलून ती माझ्या कपाळाकडे बघत थांबली आणि ओशाळली.

तिने तसं बघितलं नसतं तर मी नाही म्हटलं असतं. माझं पुसलं तेव्हा चार बायकांनी मला धरलं होतं. मोकळं कपाळ म्हणजे काय, ते मला ती काय सांगणार होती. मी म्हटलं, "लावा, पण हलक्या हाताने." आणि पाठ फिरवून चिमट्यांकडे बघत राहिले. विधवेने तिकडे बघू नये, ही सवय.

त्या काळी नुसतं कुंकू टिकत नसे, खाली मेण लावायचं. कोंडाबाईने मेण देठावर चोळलं. चिकटेना, म्हणून अंगठ्याने आणखी दाबलं. त्यावर कुंकू, बैलाच्या कपाळावर लावतात तेवढं. मी वळून बघितलं तेव्हा सुभद्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कोंडाबाई म्हणत होती, "कशी लक्ष्मीवानी दिसून राह्यली!" मी घाईघाईने ओल्या कापडाने वरचं कुंकू टिपलं. खालचं मेण टाक्यांत गेलं होतं, ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकाचा शेंडा जांभळा होता. डाव्या कडेला काळसर. हात लावला तर गार.

डॉक्टर आले, बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. ते चिडले की असंच व्हायचं. "कपाळाला कुणी हात लावला?"

कोंडाबाई भिंतीला चिकटली. मी हातातले चिमटे पुसत राहिले. मला तिथून काढलं तर जायला जागा नव्हती. वडील वारले होते.

"म्याच," सुभद्रा म्हणाली. "खाजलं. दाबलं म्या."

डॉक्टर तिच्यावर बरेच बरसले. मग म्हणाले, नुसतं दाबलं असेल तर संध्याकाळपर्यंत उतरेल, वाट बघू, आणि दुसऱ्या रोग्याकडे निघून गेले. कोंडाबाई बाहेर जाऊन रडत बसली. मी सुभद्राजवळ वाकले आणि म्हटलं, "तू कशाला अंगावर घेतलंस?"

तिने माझं मनगट धरलं. तोंडात बोळा असल्यागत बोलायची, पण त्या दिवशी शब्द न् शब्द कळला. "राहू द्या, बाई. सडू द्या. नाक लागलं तर मला नेतेत ते. इळा तिथंच हाये. छपराला खोचेल हाये. म्या रोज त्याच्या खालून चुलीकडं जायाचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दहा दिवस आम्ही सगळे तिचं नाक जगावं म्हणून जीव टाकत होतो, आणि ती एकटी ते जगेल म्हणून भीत होती. मी तिला सोशिक समजत होते. माझ्याइतकी मूर्ख मीच.

खरं सांगितलं तर माझी नोकरी जाणार, पण नाक वाचेल. नाक वाचलं तर ही मरणार. गप्प बसले तर नाक जाईल, आणि ही दोन भोकं घेऊन आईच्या दारात बसेल, पण जिवंत. सकाळभर मी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, आणि कुणाला काय बांधलं ते मला कळलं नाही. दर थोड्या वेळाने जाऊन बघत होते. काळी कड वाढत होती. कातड्याला वासही यायला लागला होता. तो वास नाकापुरता थांबत नाही, हे मी अनेक खाटांवर बघितलं होतं. ते विष वर चढलं की डोळे, मेंदू आणि मग पांढरी चादर. मध्यान्हीला मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. कुंकू, मेण, माझी परवानगी. छपरात खोचलेला विळासुद्धा.

ते धावतच गेले. टाके उसवले, मेण खरवडून काढलं, धुतलं. कादराबाद पेठेतल्या हकिमाकडून जळवा मागवल्या आणि तिच्या नाकाच्या शेंड्याला दोन जळवा लावून आम्ही तिथेच बसलो. जळवांनी साठलेलं काळं रक्त ओढलं. शेंड्यावर हळूहळू लाली आली. ज्वारीच्या दाण्याएवढी डावी कड मात्र गळून गेली. सकाळीच बोलले असते तर तीही राहिली असती, असं डॉक्टर नंतर एकदा म्हणाले. सहज म्हणाले, पण मी ते विसरले नाही.

मला काढलं नाही. मी भीत भीत विचारलं, "आणि ते दुसरं, विळ्याचं?" डॉक्टर खेकसले, "मी नाकाचा डॉक्टर आहे, नांदण्याचा नाही."

देठ कापला. नाक धरलं होतं. सुभद्रा दिवसेंदिवस गप्प होत गेली, फाटकाशी गाडी वाजली की खाटेची कड धरायची. अखेर शेषराव आला. रेखीव, गोरा, जरीचा फेटा. अशा माणसाचा चेहरा भेसूर असेल असं उगाच वाटतं. आवाजही मऊ. "झालं म्हन्ते सासू. नेतो मंग, डाक्टरसाहेब."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली नाही. "अजून कच्चं आहे. सहा महिने हलवता येणार नाही."

रोग्याच्या नव्या नाकाला त्याच्या तोंडावर बटाटा म्हणणारा हा माणूस, त्याला स्वतःहून खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

सहा महिन्यांनी तो परत आला. अजून कच्चं आहे. दसऱ्याला आला. अजून कच्चं आहे, थंडी जाऊ दे. कोंडाबाईलाही तेच सांगितलं. तिला जावयाशी खोटं बोलणं जमलं नसतं. सुभद्रा दवाखान्यात पट्ट्या गुंडाळायची, रोग्यांची पेज शिजवायची, माझ्या खोलीत राहायची. नाक केव्हाच पक्कं झालं होतं, पण शेषरावाला तोंड दाखवायची तिला मनाई होती.

दीड वर्ष असं निघालं. मग एका दुपारी डॉक्टर हैदराबादेला गेलेले असताना शेषराव आला. त्याला कुणी सांगितलं होतं की काय, देव जाणे. तो व्हरांड्यात चढूनच आला.

"बाई, कच्चं कच्चं काय लावून राह्यले तुम्ही? कैरी हाये का ती? आना तिला भायर. म्या सोता बघतो."

"डॉक्टर नाहीत. नंतर या."

"डाक्टर न्हाईत म्हनूनच आलो," तो मऊ आवाजातच म्हणाला.

कंपाउंडर बाजारात गेलेला. खाटांवर चार म्हातारे. मी दार अडवून उभी होते, पण त्याने मला नुसतं बाजूला सारलं असतं तरी मी पडले असते. तेवढ्यात सुभद्राच बाहेर आली. पदर खांद्यावर, तोंड उघडं. हातात पट्टीची गुंडाळी.

त्याने बघितलं. कपाळावरचा मोठा डाग, खाली ते जाडसर नाक, डावी कड नसलेलं. बराच वेळ बघितलं. मग हसला आणि चिमटीत धरायला हात पुढे केला. ती जागची हलली नाही. मला दिसत होतं, गुंडाळीभोवती तिची बोटं पांढरी पडली होती.

"धरा," मी म्हटलं. "धरा खुशाल. कच्चं आहे. हात लावाल तर गळून तुमच्या हातात येईल."

त्याचा हात तिथेच थांबला. मग झटका बसावा तसा त्याने तो मागे घेतला आणि धोतराला पुसला. ज्या हाताने कापलं, त्याच हाताला ते नाक हातात येण्याची शिसारी आली. तो एक पायरी खाली उतरला, मग दुसरी. "राहू द्या," म्हणाला. "बिलकुल राहू द्या इथंच." फाटकाबाहेर जाऊन त्याने गाडीवानाला शिवी दिलेली ऐकू आली.

सुभद्रा खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसले. माझे दात वाजत होते, भर उन्हात.

महिन्याभरात त्याने दुसरी केली. कोंडाबाई ती बातमी घेऊन छाती पिटत आली. सुभद्रा त्या दिवशी पोटभर जेवली आणि दुपारी गाढ झोपली. डॉक्टर परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "छान. आता ते नाक पक्कं झालं म्हणून लिहून टाका." मी लिहिलं.

पुढे ती बारा-तेरा वर्षं आमच्याकडेच होती. नवं नाक करायला आलेल्यांना तीच सगळं समजावून सांगायची, माझ्यापेक्षा चांगलं. पण ती दुसरी बायको कोण होती, कुठल्या गावची होती, तिचं पुढे काय झालं, हे आमच्यापैकी कुणी एकदाही विचारलं नाही. कोंडाबाई महिन्या-दोन महिन्यांनी तिकडूनच यायची, तिला नक्की ठाऊक असणार. मला विचारायची भीती वाटत होती.